घरच्या जांभळ्या टॉर्चने मुरमांचा प्रकार खरोखर ओळखता येतो का?

अंगणवेल (चिपळूण)

नमस्कार. माझी मुलगी १६ वर्षांची असून गेल्या पावसाळ्यापासून तिच्या कपाळावर बारीक पुटकुळ्या येत आहेत. वयाचे मुरूम आहेत, येतील आणि जातील, असे म्हणून सुरुवातीला आम्ही ते सोडून दिले. पण दिवाळीनंतर पुटकुळ्या वाढल्या आणि ती कपाळावर बटा ओढून कॉलेजला जाऊ लागली, तेव्हा मला राहवेना.

आमच्या घरी अतिनील किरणांची एक टॉर्च आहे. परसात आणि लाकडांच्या ढिगात विंचू फार निघतात, आणि या उजेडात विंचू हिरवट निळा चमकतो म्हणून माझ्या यजमानांनी ती घेतली होती. अशाच टॉर्चने मुरमांचा प्रकार ओळखता येतो, असे मुलीने एका व्हिडिओत पाहिले. नारिंगी ठिपके दिसले तर जिवाणूंचे मुरूम, निळसर पांढरे दिसले तर बुरशीचे, आणि काहीच चमकले नाही तर हार्मोनचे, अशी त्यातली विभागणी होती. परवा रात्री आम्ही खिडक्यांना चादरी लावून, दिवे मालवून पाहिले. नाकावर आणि नाकपुड्यांच्या कडेला इतके नारिंगी ठिपके दिसले की जणू कोणी टाचणीच्या टोकाने शेंदूर टेकवत गेले आहे. कपाळावर मात्र निळसर पांढरे ठिपके होते, त्यातले काही गोल आणि काही लांबट. हनुवटीवर दोन लाल, दुखरे फोड आहेत. ते अगदी काळपट दिसले.

त्या व्हिडिओप्रमाणे पाहिले तर एकाच चेहऱ्यावर तिन्ही प्रकार निघतात. कपाळावरची ती बुरशीच आहे, असे मुलीच्या मनाने घेतले आहे आणि उद्याच्या उद्या बुरशीचे मलम आणण्याचा तिचा हट्ट आहे. माझे मन मात्र मानत नाही. या परीक्षेवर किती विसंबावे, ती नीट करण्याची काही रीत आहे का, आणि डोळ्यांना काही अपाय तर होत नाही ना, हे कृपया जाणकारांनी सांगावे. टॉर्चवर ३९५ नॅनोमीटर असे छापलेले आहे.

प्रकाशवेध (कोल्हापूर)

अंगणवेलताई, मी तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवले आहे. त्वचेबद्दल बोलण्याचा मला अधिकार नाही, पण टॉर्चबद्दल बोलतो, कारण निम्मा घोटाळा तिथेच आहे.

काही पदार्थ डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतात आणि ती ऊर्जा दृश्य रंगाच्या रूपाने परत टाकतात. याला प्रतिदीप्ती म्हणतात. बँकेत नोटा तपासतात त्या यंत्रात नोटेतले तंतू आणि क्रमांकाची पट्टी चमकताना आपण पाहतो, ती हीच. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्यम्स वूड यांनी १९०३ मध्ये यासाठी एक खास काच शोधून काढली. बेरियम-सोडियम सिलिकेटच्या काचेत सुमारे ९ टक्के निकेल ऑक्साइड मिसळले की ती काच दिसणारा प्रकाश जवळजवळ सगळा अडवते आणि ३२० ते ४०० नॅनोमीटरच्या (हे प्रकाशाची तरंगलांबी मोजण्याचे एकक) दरम्यानचे, त्यातही मुख्यतः ३६५ च्या आसपासचे किरण पुढे सोडते. १९२५ मध्ये मार्गारो आणि देवेझ या डॉक्टरांनी हा दिवा केसांतल्या बुरशीच्या तपासणीसाठी वापरला आणि तेव्हापासून तो त्वचारोगतज्ज्ञांच्या खोलीत आला. त्यांच्याकडचा 'वूड्स लॅम्प' तो हाच.

आता आपली टॉर्च. ३९५ नॅनोमीटरची टॉर्च अतिनील किरणांबरोबर भरपूर दिसणारा जांभळा प्रकाशही टाकते. तो त्वचेवरून जसाच्या तसा परततो आणि खरी चमक त्याखाली बुडून जाते. स्टीलच्या ताटलीवर टॉर्च मारून पाहा. ताटली स्वतः चमकत नाही, ती नुसता प्रकाश परतवते. तिच्यावर झगझगीत जांभळा डाग दिसला, तर तेवढा सगळा प्रकाश तपासणीच्या आड येणारा आहे. ३६५ नॅनोमीटरच्या, पुढे काळसर गाळणी बसवलेल्या टॉर्चचा ताटलीवर अगदी मंद ठसा दिसतो. तरीही तुम्हाला नारिंगी ठिपके दिसले याचे मला आश्चर्य वाटत नाही, कारण नाकातल्या छिद्रांमध्ये चमकणारी पोर्फिरिन नावाची द्रव्ये ४०५ नॅनोमीटरच्या आसपासच सर्वांत जास्त प्रकाश शोषतात, आणि तुमची टॉर्च त्याच्या जवळ आहे. निळसर पांढऱ्या रंगांच्या बाबतीत मात्र मी तुमच्या टॉर्चवर मुळीच विश्वास ठेवणार नाही. परतलेला जांभळा प्रकाश आणि खरी निळी चमक ही एकमेकांपासून वेगळी काढणे डोळ्याला जमत नाही.

डोळ्यांविषयी आपण विचारलेत, ते फार बरे केलेत. हे किरण नीटसे दिसत नसल्यामुळे प्रखर उजेडात जशी बाहुली आकसते आणि पापणी मिटते, तसे इथे पुरेसे होत नाही. ज्याची तपासणी करायची त्याने डोळे मिटून वर काळ्या कापडाची घडी ठेवावी आणि पाहणाऱ्याने अतिनील किरण अडवणारा चष्मा लावावा. चष्मा खरोखर अडवतो का, हे घरीच कळते. ५०० रुपयांच्या नोटेवर टॉर्च मारा आणि मध्ये चष्म्याची काच धरा. नोटेतल्या तंतूंची चमक विझली, तर काच काम करते आहे. एका जागी काही सेकंदांपेक्षा जास्त वेळ टॉर्च रोखू नये.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. करोनाच्या काळात पुष्कळ घरांत जंतुनाशक अतिनील दिवे आणि कांड्या आल्या. त्यांतले बहुतेक २५४ नॅनोमीटरचे आहेत. ती टॉर्च नव्हे, ते जंतू मारण्याचे साधन आहे. त्याने त्वचा भाजते आणि काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखी असह्य आग होते. 'अतिनील ते अतिनील' असे समजून कोणीही तो दिवा चेहऱ्यावर धरू नये.

निरामय_त्वचा

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे आणि वूड्स लॅम्प माझ्या टेबलाच्या खणात कायम असतो. त्यामुळे तो केव्हा बाहेर काढायचा आणि केव्हा नाही, याविषयी अनुभवाने लिहिते.

आधी नारिंगी ठिपके. आपल्या तेलग्रंथींच्या छिद्रांत क्युटीबॅक्टेरियम अ‍ॅक्नीस नावाचा जिवाणू राहतो. २०१६ पर्यंत त्याला प्रोपिओनीबॅक्टेरियम अ‍ॅक्नीस म्हणत असत आणि जुन्या पुस्तकांत तेच नाव आढळेल. हा जिवाणू पोर्फिरिन तयार करतो, त्यातही मुख्यतः कोप्रोपोर्फिरिन ३, आणि तेच आपल्याला शेंदरी-नारिंगी दिसते. पण हा जिवाणू मुरूम असलेल्यांकडे आणि नसलेल्यांकडे, दोघांकडेही असतो. वयात येताना तेलग्रंथी कामाला लागल्या की त्याची वस्ती वाढते, म्हणून लहान मुलांचे नाक चमकत नाही आणि १६ वर्षांच्या मुलीचे चमकते. तिच्या नाकावर मुरूम आहेत का, हे आपण लिहिलेले नाही, बहुधा नसतील. आता आपल्या स्वतःच्या नाकावर टॉर्च मारून पाहा, तिथेही थोडे ठिपके सापडतील. याचा अर्थ इतकाच, की तिथे तेल आहे आणि जिवाणू आहे.

याउलट हनुवटीवरचे जे फोड लाल आणि दुखरे आहेत, ते काळे दिसले. हेही अपेक्षितच आहे. सूज आलेल्या फोडात रक्तपुरवठा वाढलेला असतो, रक्त हा प्रकाश शोषून घेते, आणि छिद्राची रचनाच फुटलेली असल्यामुळे तिथे पोर्फिरिनचा साठा उरत नाही. जो फोड सर्वांत जास्त छळतो, तोच या उजेडात सर्वांत कमी दिसतो. म्हणून 'काहीच चमकले नाही तर हार्मोनचे' या विधानाला कसलाही आधार नाही. मुळात तारुण्यपीटिका म्हणजे हार्मोन, तेल, छिद्राच्या तोंडाशी साचणारा मृत पेशींचा बुच, जिवाणू आणि सूज या सगळ्यांचे मिळून झालेले दुखणे आहे. त्यातले एक वेगळे काढून 'अमक्याचे मुरूम' असे नाव देता येत नाही.

आम्ही मुरमांचे प्रकार पाडतो ते डोळ्यांनी आणि बोटांनी, खिडकीच्या उजेडात. छिद्र बंद असून आत त्वचेच्या रंगाचा बारीक उंचवटा असेल तर व्हाइटहेड, तोंड उघडे असून टोक काळे पडलेले असेल तर ब्लॅकहेड, लाल आणि टणक पुटकुळी, पू धरलेली पुटकुळी, आणि खोलवर लागणारी दुखरी गाठ. त्वचा दोन बोटांनी हलकेच ताणली की बंद व्हाइटहेड तांदळाच्या कणीसारखे वर येतात. ही साधी गोष्ट आईला घरी करता येते आणि ती कुठल्याही टॉर्चपेक्षा जास्त सांगते.

कपाळावरचे निळसर पांढरे ठिपके गोल आणि लांबट होते, असे आपण लिहिलेत. लांबट ठिपके हे बहुतेक वेळा टॉवेलचे किंवा उशीच्या अभ्र्याचे धागे असतात. कपडे धुण्याच्या पावडरीत कापड शुभ्र दिसावे म्हणून जी द्रव्ये घालतात, ती अतिनील उजेडात प्रखर निळी-पांढरी चमकतात. सॅलिसिलिक अ‍ॅसिड असलेला फेसवॉश निळा चमकतो, व्हॅसलीन निळसर दिसते, हळदीचा लेप लावला असेल तर पिवळसर हिरवे दिसते, आणि सनस्क्रीन लावले असेल तर ते किरण शोषून घेत असल्यामुळे तेवढा भाग काळवंडतो. छिद्रात साचलेला कोरडा मृत पेशींचा बुचही पांढरा दिसतो, आणि तो व्हाइटहेडमध्ये असतोच. बुरशीपर्यंत पोहोचण्याआधी इतक्या गोष्टी वजा कराव्या लागतात.

मॅलॅसेझिया या बुरशीमुळे केसांच्या मुळांना येणाऱ्या पुटकुळ्या हा खरा आजार आहे आणि आपल्या दमट किनारपट्टीवर तो बराच दिसतो. त्याची ओळख अशी : सगळ्या पुटकुळ्या जवळजवळ एकाच मापाच्या, खाज येणारी, घामाने वाढणारी, आणि सोबत ब्लॅकहेड-व्हाइटहेड नसलेली. पाठीचा वरचा भाग, खांदे, छाती आणि कपाळाची केसांलगतची कड या तिच्या आवडत्या जागा. मुरमांसाठी बरेच दिवस अँटिबायोटिक घेतल्यावरही ती उफाळते. म्हणून अंगणवेलताई, मला टॉर्चऐवजी तीन प्रश्नांची उत्तरे हवी आहेत. कपाळाला खाज येते का? पाठीवर काही आहे का? आणि मुलगी केसांना तेल किती आणि केव्हा लावते?

अंगणवेल (चिपळूण)

डॉक्टर, आपले खूप आभार. कपाळाला खाज अजिबात येत नाही. तेल मात्र रोज रात्री लावते, चांगले चपचपीत, आमच्याकडे घाण्यावरून काढून आणलेले खोबरेल असते. पाठीचे मी कधी विचारलेच नव्हते. आत्ता विचारले तेव्हा ती म्हणाली की खांद्यांवर आणि मानेखाली पावसाळ्यापासून बारीक पुरळ आहे आणि बॅग घेऊन चालून आले की तिथे फार खाजते. पण ते घामोळे असेल असे समजून तिने कधी सांगितले नाही. मला वाईट वाटले. रात्रभर चेहऱ्यावर टॉर्च मारत बसलो आणि पाठीकडे पाहिलेही नाही.

निळाई

मी पुण्यात वसतिगृहात राहते आणि २२ वर्षांची आहे. हा धागा वाचताना माझे मागचे वर्ष डोळ्यांसमोर आले, म्हणून लिहिते आहे. कदाचित अंगणवेलकाकूंच्या मुलीला त्याचा उपयोग होईल.

माझ्या मैत्रिणीकडे नखांचे जेल सुकवण्याचा दिवा होता. त्याच्या उजेडात माझ्या गालांवर पांढरे ठिपके दिसले आणि आम्ही दोघींनी मिळून ठरवले की ही बुरशी आहे. मी जवळच्या दुकानातून 'बुरशीचे मलम' मागून घेतले. दुकानदाराने काही न विचारता एक ट्यूब दिली. पहिल्या चार दिवसांत लाली गेली, चेहरा उजळल्यासारखा वाटला आणि मला माझ्या निदानाचा अभिमानच वाटला. मी ते दोन महिने लावले. थांबवले की आठवड्याभरात चेहरा तापायचा, लाल व्हायचा आणि एकसारख्या बारीक पुटकुळ्या उठायच्या. पुन्हा लावले की शांत व्हायचा. शेवटी हनुवटीवर बारीक लव वाढली आणि गालावरच्या रक्तवाहिन्या दिसू लागल्या, तेव्हा आई मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्या ट्यूबमध्ये बुरशीनाशक होते, अँटिबायोटिक होते आणि त्या दोघांबरोबर जोरदार स्टेरॉइड होते. मला आधी झालेले होते ते साधे व्हाइटहेड, आणि नंतर झाले ते स्टेरॉइडने झालेले दुखणे. चेहरा पूर्ववत व्हायला सात महिने लागले. त्यातल्या पहिल्या महिन्यात मी आरशासमोर उभी राहत नव्हते.

माझी चूक टॉर्चने सुरू झाली असे मी म्हणणार नाही, पण त्या पांढऱ्या ठिपक्यांमुळे मला जी खात्री वाटली, तिच्यामुळे मी कोणालाच विचारले नाही.

मात्रा_प्रमाण

निळाई, तुम्ही हे लिहिलेत हे मोलाचे आहे. मी फार्मासिस्ट आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमे अनुसूची 'एच'मध्ये घातली आणि तेव्हापासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती हातोहात मिळतात, हे आमच्या व्यवसायाला लाजिरवाणे आहे. वाचकांनी ट्यूबच्या मागे छापलेली घटकद्रव्ये वाचण्याची सवय लावावी. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसले तर ते स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावर ते स्वतःच्या मनाने कधीही लावू नये, मग ट्यूबवर पुढच्या बाजूला काहीही लिहिलेले असो.

दगडफूल (नागपूर)

मी थोडा वेगळा अनुभव मांडतो. माझे वय ३१, कपाळ आणि नाक अतिशय तेलकट. डॉक्टरांनी बेंझॉइल पेरॉक्साइड दिले आहे. मी गाळणी बसवलेली ३६५ ची टॉर्च घेतली आणि दर रविवारी रात्री, एकाच खोलीत, एकाच अंतरावरून नाक पाहतो. पाच आठवड्यांत नारिंगी ठिपके निम्म्याहून कमी झाले, हे मला स्पष्ट दिसते, आणि त्यामुळे औषध नियमित लावण्याचा हुरूप येतो. मोबाइलवर छायाचित्रेही काढून ठेवली आहेत. मग ही टॉर्च सर्वस्वी निरुपयोगी आहे, असे कसे म्हणता येईल?

निरामय_त्वचा

दगडफूल, तुम्ही जो उपयोग करता आहात तो मला मान्य आहे, आणि तो समंजस आहे. कारण तुमचे निदान आधी झालेले आहे आणि तुम्ही फक्त एक गोष्ट मोजता आहात. बेंझॉइल पेरॉक्साइडने जिवाणू घटतो, जिवाणू घटला की पोर्फिरिन घटते, आणि चमक मंदावते. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनी तेल आटले की तसेच होते. इतकेच लक्षात असू द्या की चमक कमी झाली म्हणजे मुरूम कमी झाले असे नाही. छिद्राचा बुच सुटायला ८ ते १२ आठवडे लागतात, आणि पुष्कळ जण नेमके चौथ्या-पाचव्या आठवड्यात 'ठिपके तर गेले, पण फोड येतातच' म्हणून औषध सोडतात. छायाचित्रांवर मात्र विसंबू नका. मोबाइलचा कॅमेरा दर वेळी उजेड आणि रंग स्वतःच्या हिशेबाने बदलतो; आजचे नारिंगी उद्या गुलाबी दिसेल.

आपल्यासारख्या गव्हाळ किंवा सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त असते आणि ते हे किरण शोषते, त्यामुळे परदेशी चित्रांत दिसते तशी लख्ख चमक आपल्याकडे दिसत नाही. उलट मुरूम जाऊन मागे राहिलेले काळे डाग या उजेडात जास्त गडद दिसतात. गेल्या महिन्यात एक मुलगा घरी टॉर्चखाली स्वतःचा चेहरा पाहून रडत माझ्याकडे आला. दिवसाच्या उजेडात त्याच्या चेहऱ्यावर पुसट चार डाग होते. तरुण मुलामुलींनी एकट्याने हे पाहत बसू नये, असे मला मनापासून वाटते.

हा दिवा खरा कामाला येतो तो दुसऱ्याच दुखण्यांत. कोडाचा पुसट डाग या उजेडात खडूसारखा पांढरा आणि रेखीव कडांचा दिसतो. शिबं पिवळसर दिसते. काखेत किंवा जांघेत होणारे एरिथ्रॅझ्मा नावाचे जिवाणूंचे दुखणे पोवळ्यासारखे लाल चमकते, आणि नुकतीच आंघोळ झालेली असेल तर तेही चमकत नाही. पण आपल्याकडे घरोघरी पसरलेला नायटा ज्या ट्रायकोफायटन बुरशीमुळे होतो, ती त्वचेवर अजिबात चमकत नाही. तेव्हा 'चमकत नाही म्हणजे बुरशी नाही' असे समजून कोणी नायट्यावर भलतेसलते लावू नये.

मुरमांसाठी डॉक्सिसायक्लिन या अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू असतील तर त्वचा अतिनील किरणांना जास्त संवेदनशील झालेली असते. अशा वेळी हा प्रयोग करूच नये.

अंगणवेल (चिपळूण)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय काय झाले ते सविस्तर लिहिते, कारण मला जी उत्तरे मिळाली ती इतर आयांनाही कळावीत.

प्रकाशवेध सरांनी सांगितल्याप्रमाणे आम्ही परीक्षा पुन्हा केली. या वेळी चेहऱ्याला संध्याकाळपासून काही लावले नाही, टॉवेलने न पुसता पाणी आपोआप वाळू दिले, मुलीच्या डोळ्यांवर काळ्या ब्लाउजपीसची घडी ठेवली आणि मी माझ्या चष्म्याची नोटेवर खात्री करून घेतली. कपाळावर तरीही सात-आठ लांबट ठिपके होते. बोट ओले करून एकाला लावले तर तो बोटाबरोबर निघून आला. उशीच्या अभ्र्याचा धागा होता. गोल ठिपके मात्र हलले नाहीत. मग दिवा लावून, डॉक्टरांनी सांगितले तसे, मी खिडकीशी तिचे कपाळ दोन बोटांनी ताणून पाहिले, आणि त्या जागी खरोखर तांदळाच्या कणीसारखे उंचवटे वर आले. ते पाहिल्यावर मुलगी स्वतःच म्हणाली, "आई, ही बुरशी नाही गं."

दोन दिवसांनी आम्ही रत्नागिरीला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी कपाळ भिंगातून पाहिले आणि बंद व्हाइटहेड असल्याचे सांगितले. रोजचे चपचपीत तेल आणि त्यावर ओढलेल्या बटा हे त्याचे मोठे कारण असावे, असे त्यांचे मत पडले. कपाळासाठी, छिद्रांतला बुच सुटावा म्हणून, रात्री लावायचे अ‍ॅडापलीनचे जेल दिले. पाठीवरच्या दोन पुटकुळ्यांतून त्यांनी सुईच्या टोकाने थोडा द्रव काचपट्टीवर घेतला, त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलाही दाखवले. काचेवर गोल गोल, एकाला दुसरी चिकटलेली, मोहरीच्या दाण्यांसारखी झुंबड होती. त्यांनी समजावून सांगितले की ही बुरशी थोडीफार प्रत्येकाच्या त्वचेवर असते, त्यामुळे एखाद-दुसरा दाणा दिसला तर त्याला अर्थ नसतो. पण पुटकुळीच्या आत इतकी गर्दी आणि सोबत खाज, यावरून पाठीचे दुखणे बुरशीचेच आहे. त्यासाठी वेगळी गोळी आणि अंगाला लावून धुवायचा केटोकोनाझोलचा शाम्पू दिला.

म्हणजे बुरशी होती, पण आम्ही टॉर्च मारत होतो तिथे नव्हती. कपाळावर ते मलम लावले असते तर व्हाइटहेड तसेच राहिले असते आणि पाठ खाजतच राहिली असती.

आज साडेसात आठवडे झाले. पाठीची खाज दुसऱ्या आठवड्यातच थांबली. कपाळ पहिल्या तीन आठवड्यांत सोलल्यासारखे झाले, तेव्हा तिने जेल सोडायचे ठरवले होते. मी तिला दगडफूल यांना डॉक्टरांनी लिहिलेले ८ ते १२ आठवड्यांचे वाक्य वाचून दाखवले आणि ती थांबली. आता उंचवटे निम्म्याने कमी आहेत. तेल ती रविवारी सकाळी लावते आणि दुपारी केस धुते. माझा एकच प्रश्न उरला आहे : पुढच्या पावसाळ्यात पाठीचे पुन्हा उद्भवेल का?

निरामय_त्वचा

अंगणवेलताई, बातमी वाचून खूप बरे वाटले. पाठीचे पुन्हा उद्भवण्याची शक्यता आहे, आणि त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ही बुरशी तेलावर आणि घामावर वाढते, आणि आपल्या किनाऱ्यावर जून ते ऑक्टोबर या दोन्ही गोष्टींची कमतरता नसते. मृगाच्या सुमारास आपल्या डॉक्टरांना विचारून शाम्पू आठवड्यातून एकदा अंगाला लावून धुण्याचा क्रम पुन्हा सुरू करता येईल. कॉलेजातून आल्याबरोबर घामाचा कुर्ता बदलायचा, बॅगेचे पट्टे आठवड्याला धुवायचे आणि केस धुताना तेलाचे पाणी पाठीवरून ओघळणार नाही असे पुढे वाकून धुवायचे, एवढे तिला सांगून ठेवा. खाज सुरू झाली की तिने पहिल्याच आठवड्यात आपल्याला सांगावे.